चावीवाले काका

इंग्लंडात कुठेही दहा मराठी बिऱ्हाडं जमली, की त्यांत एकजण ढोल वाजवणारा निघतो, एक वहिनी मोदकांच्या ऑर्डरी घेणारी निघते आणि एक काका रेडिएटरची हवा काढणारे निघतात. पहिल्या दोघांना गणपतीपुरतंच काम. काकांचा हंगाम मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की सुरू होतो, तो मार्चअखेर ती पुन्हा पुढे जाईपर्यंत. या पाच महिन्यांत स्लाउपासून मिल्टन कीन्सपर्यंत कुणाच्याही घरी जेवायला गेलात, तर हे गृहस्थ तुमच्या आधी पोहोचलेले असणार. बोलावलेलं असो वा नसो.

दारात एक बूट काढून दुसरा पायात असतानाच त्यांचा उजवा हात रेडिएटरवर जातो. तळवा नव्हे, हाताची मागची बाजू. तापकरी पोराच्या कपाळाला लावावी तशी. वर, मध्ये, खाली.

"वर गार, खाली गरम. हवा धरलीय."

यावर यजमानाने "असू दे हो काका, स्वेटर घातलाय ना" असं चुकूनही म्हणू नये. "स्वेटरच घालायचा तर गॅसचं बिल कशाला भरतोस?" हा प्रश्न पाठोपाठ येतो, आणि त्याला उत्तर नसतं. रेडिएटरच्या डोक्यात हवा साठली की गरम पाणी तिथवर चढत नाही. बॉयलर पैसे जाळत राहतो आणि अर्धं लोखंड थंडच. हे काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दुखणं तेच आहे. खोटं असतं तर त्यांना बोलता तरी आलं असतं.

उलट लक्षण सापडलं, म्हणजे वर गरम आणि खाली गार, तर काकांचा चेहरा उतरतो. तिथे हवा नसते, गंजाचा गाळ बसलेला असतो. "हे माझ्या हातातलं नाही, सगळी सिस्टीम धुवून घ्यावी लागेल," असं म्हणून ते सोफ्यावर बसतात आणि जेवण होईपर्यंत फारसं बोलत नाहीत. अशा घरी त्यांना वरचेवर बोलवावं.

हवा काढायची चावी म्हणाल तर बोटभर. पितळेची, टोकाला चौकोनी भोक, हार्डवेअरच्या दुकानात एकदोन पौंडांत मिळणारी. काका गाडीची किल्ली विसरतात, चष्मा विसरतात, एकदा लग्नाचा वाढदिवस विसरले होते. ही चावी मात्र जुडग्यात कायम.

त्यांचं खरं तेज दिसतं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. खाली हॉलमध्ये पैठण्या आणि बिनबाह्यांचे ब्लाऊज, पुरुषमंडळी वरच्या बेडरूममध्ये हद्दपार. तिथे बसल्या बसल्या काकांचा हात मागे जातो आणि निदान होतं. आता या कामाचे नियम पक्के आहेत. आधी हीटिंग बंद करायचं आणि पाणी निवू द्यायचं. मग तळमजल्यापासून सुरुवात करून वर यायचं. काका नियमाबाहेर जात नाहीत. म्हणजे ऐन जानेवारीत घराचं हीटिंग बंद होतं, आणि अर्ध्या तासाने काका हातात टॉवेल घेऊन बायकांच्या घोळक्यात उभे राहतात. "वहिनी, जरा पाय वर घ्या हं." हॉलमधला रेडिएटर नेमका सोफ्यामागेच असतो.

गुडघे टेकून काका चावी लावतात आणि डावीकडे जेमतेम पाव फेरा देतात. फुस्स. एवढ्या आवाजावर त्यांचे डोळे मिटतात, चेहऱ्यावर समाधान पसरतं. "ते निरांजन तेवढं लांब न्या," मध्येच सूचना येते. तीही बरोबर असते, कारण आतून लोखंड गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि तो पेट घेतो. मग आवाज फुरफुरतो, थेंब येतात, आणि बारीक धार लागताच चावी उजवीकडे. धार काळी असते. टॉवेल पांढरा असतो, आणि तो माहेरून आलेला असतो. खाली भाड्याच्या घराचं बदामी कार्पेट, म्हणजे घरमालकाकडे अडकलेलं डिपॉझिट. घरची सून तिळगूळ वाटता वाटता तिकडे ज्या नजरेने बघते, त्या नजरेत गोड बोलण्याचा भाग कमी असतो.

"बघ बघ, केवढं काळं!" काका टॉवेल सगळ्यांना फिरवून दाखवतात. ओटी भरतानाही.

तळमजला झाला, वरचा झाला, मसाला दूध झालं. काका निघतात. आणि इथेच या कामातलं त्यांचं एकमेव, पण दरवर्षीचं, विस्मरण घडतं. हवा बाहेर गेली की बॉयलरचं प्रेशर उतरतं. थंड असताना सुई एक ते दीड बारमध्ये असायला हवी. कमी असेल तर बॉयलरखालच्या वेणीदार चंदेरी नळीचा नळ उघडून पाणी भरायचं. प्रेशर फारच उतरलं तर बॉयलर पेटतच नाही. हे काकांना झोपेतही सांगता येतं, पण दूध समोर आलं की सुई बघायची राहते. सकाळी सातला यजमान गार पाण्याखाली हात धरून फोन करतो. काका रागावत नाहीत, उलट खूश होतात. "सुई कुठे आहे? थांब, मीच येतो," म्हणत नाश्त्याच्या आत हजर.

त्यांच्या स्वतःच्या घरी मी गेलो आहे. प्रत्येक रेडिएटर निर्वात... म्हणजे हवारहित, निर्मळ, आतल्या पाण्यात गंजरोधक औषधही टाकलेलं. थर्मोस्टॅट सतरावर. काकू कुशीत गरम पाण्याची पिशवी घेऊन शाल पांघरून बसलेल्या. "अहो, थोडं वाढवा की," त्या म्हणाल्या. "रेडिएटर उत्तम आहेत, उगाच गॅस कशाला जाळायचा?" असं उत्तर मिळालं.

तेव्हा वाचकहो, तुम्ही तिकडे राहत असाल तर स्वतःची चावी विकत घ्या. ऑक्टोबरात, घरी पाहुणे नसताना, हीटिंग बंद करून, जुना काळा टॉवेल धरून पाव फेरा द्या आणि शेवटी सुई बघायला विसरू नका. आणि काका आले की रेडिएटर खालून गार आहे असं सांगा.