टॉर्चवाले आबा

जळगावात अजिंठा चौफुलीकडे म्हणा किंवा धुळ्यात पारोळा रोडला, कुठल्याही गॅरेजात गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरला, की तासाभरात आबा हजर. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. स्वतःची गाडी नाही. खिशात चष्मा, हातात पिशवी, पिशवीत भरताची वांगी. "काय व्हयनं भो?" एवढं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता जॅकजवळ उकिडवे बसतात.

आबांचा अधिकार मोठा. उमेदीत त्यांनी जळगाव–भुसावळ काळी-पिवळी चालवली, असं ते सांगतात. धुळ्याचे आबा धुळे–शिरपूर सांगतात. जुन्या ॲम्बॅसिडरच्या रिलीज बेअरिंगमध्ये गोळ्या नसत, ग्रॅफाइटची चकती असे, हे त्यांच्याच तोंडून ऐकावं. 2014 मध्ये ती गाडी निघायची बंद झाली, त्याला त्यांच्या मते बेअरिंगात गोळ्या घालणारेच जबाबदार.

खरी मैफल जमते ती गिअरबॉक्स परत चढवताना. बाहेर मे महिन्याचं ऊन, गाडीखाली मिस्तरी पाठीवर, पोऱ्या जॅकला. गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या नळीवर क्लच सोडवणारं हे रिलीज बेअरिंग सरकवायचं, त्याच्या क्लिपा पेडलने हलणाऱ्या काट्याच्या दोन्ही टोकांना अडकवायच्या आणि सगळं ओझं असं सरळ पुढे न्यायचं की शाफ्ट क्लचप्लेटच्या दात्यांत शिरेल. मध्येच काटा हलला तर क्लिप सुटते, बेअरिंग कलतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. सगळे बोल्ट आवळून पेडल दाबलं की मग कळतं. पुन्हा पहिल्यापासून! म्हणून जाणता मिस्तरी काट्याचं बाहेरचं टोक तारेने बांधून ठेवतो.

नेमक्या या घडीला टॉर्च आबांच्या हातात असतो. मिस्तरी बघतो तिकडे नव्हे, आबा बोलतात तिकडे उजेड पडतो. गाडीमालकाला भुसावळच्या फेरीची गोष्ट सांगायला वळले, की बेअरिंग अंधारात आणि मालकाच्या शर्टाची बटणं लख्ख.

"नळीला ग्रीस लाव भो."

"लावलं आबा."

"जास्ती नको लावू. प्लेटवर उडेल, क्लच घसरेल."

थोड्या वेळाने, "बोल्ट लाव, आपोआप ओढून घेईल." मिस्तरीने पाना उचलला रे उचलला, की, "बोल्टाने ओढू नको, कान तुटेल गिअरबॉक्सचा!"

ग्रीस कमी पडलं तर बेअरिंग नळीवर अडकतं, जास्त झालं तर प्लेटचा सत्यानाश. आबा दोन्ही आधीच सांगून मोकळे. त्यामुळे आजवर त्यांचा एकही सल्ला चुकलेला नाही. कामाला कोणता आला, हे मिस्तरीला विचारू नये.

नव्या गाड्या त्यांना मानवत नाहीत. काहींत काटाच नसतो, तेलाच्या दाबाने बेअरिंग सरकतं.

"काटा कुठंय?"

"याला नसतो आबा."

"काढताना पडला असेल. बघ रे पोऱ्या."

पोऱ्या बिचारा पिंपामागे जाऊन दोन मिनिटं बसून येतो.

तरी मिस्तरी त्यांना हाकलत नाही. बिल बघून मालकाचा चेहरा उतरला, की मिस्तरीने तोंड उघडायच्या आत आबा उठतात. "साहेब, बेअरिंग स्वस्तच आहे हो. पण त्याच्यापर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा, परत चढवायचा. दोन माणसांचा दिवस गेला. मी स्वतः होतो ना इथं." साक्षीदार इतका घामाघूम, की मालक मुकाट्याने पाकीट काढतो.

मग ट्रायल. मिस्तरी स्टिअरिंगवर, मालक शेजारी, आणि मागच्या सीटवर आबा पिशवीसकट आधीच बसलेले. ट्रायल कुठून कुठे घ्यायची तेच सांगतात: सरळ, मग डावीकडे, पाण्याच्या टाकीपासून आत, निळ्या गेटाशी जरा ब्रेक लावून बघ. ब्रेक लागतो. आबा उतरतात, वांगी सांभाळत खिडकीशी वाकतात.

"क्लच झकास. तिसऱ्याला जरा आवाज येतोय भो. परवा आणा गाडी, चारच्या सुमाराला. मी बाजारातच असेन."