निवृत्तांची निवड समिती

पुण्याला पेन्शनरांचं शहर म्हणायचे त्या काळी इथले पेन्शनर गुपचूप पेन्शन खात असत. आता ते दुसऱ्यांना निवृत्त करतात. एरंडवण्यातल्या कमला नेहरू पार्कात सकाळच्या फेऱ्या झाल्या की आमचं जे टोळकं बाकावर टेकतं, त्यानं आजवर सचिनला निदान चारदा, धोनीला दर एप्रिलमध्ये आणि रॉजर फेडररला विम्बल्डनच्या प्रत्येक पराभवानंतर घरी पाठवलेलं आहे. फेडररला ते कळलं नाही हा भाग वेगळा.

या समितीची घटना सांगतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता, मंत्रालयातून आलेले उपसचिव, एक बँकवाले आणि गणिताचे एक सर. मी विशेष निमंत्रित, म्हणजे चहाचे पैसे देणारा. यातल्या कुणालाही स्वतःच्या निवृत्तीचा क्षण निवडता आला नव्हता. राज्य सरकारात अठ्ठावन्न, बँकेत साठ, मग तुमचा फॉर्म कसाही असो. अभियंतासाहेब म्हणतात, शेवटच्या दोन वर्षांत ते कारकिर्दीतल्या सर्वोत्तम फॉर्मात होते. त्या काळात त्यांनी एकाही फायलीवर निर्णय घेतला नाही, त्यामुळे एकही चौकशी लागली नाही. तरी ज्या महिन्यात अठ्ठावन्न भरली त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना बाहेर काढण्यात आलं. अशा माणसाच्या हातात कोहलीचं भवितव्य दिलं, की तो ते सोडत नाही.

आमच्या या सुरळीत कारभारात बास्केटबॉल घुसला तो माझ्या भाच्यामुळे. हा हिंजवडीत नोकरी करतो आणि अमेरिकेत राहतो, म्हणजे मनानं. तिकडे रात्री साडेआठला सुरू होणारा एनबीएचा अंतिम सामना उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी सहाला लागतो. तो एकदा माझ्याबरोबर पार्कात आला आणि पाण्याच्या स्टीलच्या बाटलीला मोबाइल टेकवून बाकावर मॅच लावून बसला. समिती भोवती जमली. पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग सर म्हणाले, "अरे, चेंडूचा टप्पा न टाकता तीन पावलं गेला की हा! आम्ही डेक्कन जिमखान्यावर खेळायचो तेव्हा दीड पावलाला शिट्टी वाजायची." सर तरुणपणी बास्केटबॉल खेळायचे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बँकवाल्यांना बास्केटबॉलमधलं काहीच कळत नाही, म्हणून त्यांनी थेट मुद्द्याला हात घातला. "यात निवृत्त कुणाला करायचंय?"

भाच्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. असा प्रश्न त्याला ऑफिसात कुणी विचारत नाही. त्यानं सगळं सविस्तर मांडलं. जगातला सर्वांत थोर बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स, आणि लेब्रॉननं आता थांबावं की नाही, या दोन प्रश्नांवर म्हणे तिकडे घरं फुटतात. जॉर्डन सहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि सहाही वेळा जिंकला. लेब्रॉन दहा वेळा गेला, चार वेळा जिंकला. मात्र करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा जवळजवळ एकोणचाळीस वर्षांचा विक्रम लेब्रॉननं ७ फेब्रुवारी २०२३ रोजी मोडला, पुढे चाळीस हजारही ओलांडले आणि चाळिशी उलटली तरी गडी खेळतोच आहे.

"सहापैकी सहा, की दहापैकी चार," सर म्हणाले. "पण दहादा परीक्षेला बसला हे महत्त्वाचं नाही का? पहिल्या फेरीत आपटून घरी बसलेल्याला तुम्ही नापास म्हणत नाही, आणि अंतिम फेरीत हरलेल्याला म्हणता." भाचा एकदम गप्प झाला. तो जॉर्डनवाला. खरं तर जॉर्डन अखेरचा निवृत्त झाला तेव्हा हा पोरगा अंगणवाडीत होता, पण आपण न पाहिलेल्या माणसावर जी निष्ठा बसते ती पाहिलेल्यावर बसत नाही. आमच्याकडेही बालगंधर्वांवरून सर्वांत कडाक्यानं भांडणारे लोक त्यांच्या शेवटच्या प्रयोगानंतर जन्मलेले आहेत.

उपसचिवांना गुणांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना सेवापुस्तक हवं होतं. जॉर्डन ऑक्टोबर १९९३ मध्ये निवृत्त झाला, मध्ये बेसबॉल खेळून आला, मार्च १९९५ मध्ये परत रुजू झाला, १९९९ मध्ये पुन्हा निवृत्त झाला, २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या संघातून पुन्हा आला आणि २००३ मध्ये तिसऱ्यांदा गेला, हे ऐकून ते ताडकन उभे राहिले.

"तीनदा? मग ग्रॅच्युइटी कितीदा?"

"आणि बेसबॉलला पाठवला तो प्रतिनियुक्तीवर का?" अभियंतासाहेब.

भाच्यानं सांगितलं, की १९९५ मध्ये परत येताना जॉर्डननं जे निवेदन काढलं त्यात फक्त दोन शब्द होते: आय'म बॅक. उपसचिव हळूच खाली बसले. आयुष्यभर 'उपरोक्त विषयास अनुसरून'पासून सुरुवात केलेल्या माणसाला हा धक्का मोठा होता. "दोन शब्दांत रुजू अहवाल," ते बराच वेळ पुटपुटत होते. "प्रत माहितीसाठी कुणालाच नाही!"

लेब्रॉनच्या बाबतीत त्यांचा आक्षेप आणखी मूलभूत निघाला. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी लेब्रॉन आणि त्याचा मुलगा ब्रॉनी एकाच संघातून एकाच वेळी मैदानावर उतरले; एनबीएत बापलेकाची अशी जोडी त्याआधी खेळली नव्हती. हे भाच्यानं छाती फुगवून सांगितलं. उपसचिवांनी चष्मा काढला. "अनुकंपा तत्त्वावर घेतला म्हणता? पण अनुकंपा तत्त्वाला बाप सेवेत असून चालत नाही."

इथवर अमेरिकेचं कौतुक पुरे झालं आणि पुणं जागं झालं. चाळीस हा आकडा उच्चारून भाच्यानं मोठीच चूक केली होती. या शहरात चाळिशीचं कौतुक कुणाला सांगता? आमच्याकडे प्रोफेसर दि. ब. देवधर होऊन गेले.

देवधरांची गोष्ट सर सांगतात तेव्हा मध्ये कुणी खोकतही नाही. जन्म १८९२चा. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे. १९२६ मध्ये मुंबईला पाहुण्या एमसीसीविरुद्ध १४८ धावा ठोकल्या. भारत पहिली कसोटी खेळला तो १९३२ मध्ये, तेव्हा देवधर चाळिशीचे, म्हणून त्यांचा विचार झाला नाही. वय झालं! मग या वय झालेल्या गृहस्थांनी महाराष्ट्राचं कर्णधारपद भूषवून १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा रणजी करंडक आणला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा. मुंबईविरुद्ध, हे सर दोनदा म्हणतात. आणि १९४४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतकं. पुढे १९७३ मध्ये त्यांच्या नावानं देवधर करंडक सुरू झाला. तो त्यांनी स्वतः पुढची वीस वर्षं पाहिला आणि १९९३ मध्ये, वयाची शंभरी पार करून, मगच गेले.

"तुझा तो लेब्रॉन," सरांनी मनातल्या मनात वजाबाकी केली, "२०३७ साली एका सामन्यात असला पराक्रम करेल तेव्हा मला सांगायला ये." सर आज एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. २०३७ला सांगायला ये, हे त्यांनी अगदी सहज म्हटलं.

भाचा हुशार आहे. तो म्हणाला, "पण काका, देवधर एकही कसोटी खेळले नाहीत. मग थोर कसे?" हा प्रश्न पुण्यात विचारायचा नसतो. त्यावर बँकवाले, ज्यांनी तोवर फक्त चहा प्यायला होता, भाऊसाहेब निंबाळकरांना घेऊन आले. डिसेंबर १९४८, इथंच पुण्यात, काठेवाडविरुद्ध महाराष्ट्र. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२ नाबाद. दहा धावा काढल्या की जगज्जेता. पण खेळ थांबला असताना काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो. आणि निघाले! निंबाळकरांनाही कसोटीची टोपी कधी मिळाली नाही. "ब्रॅडमननं त्यांचं कौतुक कळवलं," बँकवाले म्हणाले, "निवड समितीनं काही कळवलं नाही. आता सांग, थोर कोण, हे अंतिम फेऱ्या मोजून ठरतं का?" भाच्यानं मोबाइलवर शोधून पाहिलं. आकडे बरोबर निघाल्यामुळे तो जास्तच खचला.

आता समितीचा दुटप्पीपणाही सांगायला हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही गहुंज्याला कसोटी पाहायला गेलो. छप्पर नसलेल्या स्टँडमध्ये डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी करून बसलेल्या अभियंतासाहेबांच्या डोळ्यांदेखत मिचेल सँटनरच्या फुलटॉसवर विराट कोहलीचा त्रिफळा उडाला. धावा एक. फुलटॉसवर! अख्ख्या स्टेडियमला वाटलं आपल्यालाच ऊन लागलंय. रोहित शर्मा शून्य आणि आठ. सँटनरचे तेरा बळी, सामना तीन दिवसांत खलास, मायदेशात सलग अठरा मालिका जिंकण्याची परंपरा संपली, आणि परतताना द्रुतगती मार्गावरच्या कोंडीत गाडीतल्या गाडीत दोघांच्या निवृत्तीचे आदेश निघाले. मार्चमध्ये दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात रोहितनं ७६ केल्या तेव्हा तेच आदेश 'मुळात काढलेच नव्हते' असं इतिवृत्तात नोंदलं गेलं. आणि २०२५च्या मे महिन्यात पाच दिवसांच्या अंतरानं दोघंही खरोखरच कसोटीतून निवृत्त झाले, तेव्हा अभियंतासाहेब भडकले. "अहो, ही काय पद्धत झाली? इंग्लंडचा दौरा तोंडावर, आणि हे निघाले! कुणाला विचारलं का?"

विजय मर्चंट यांच्या नावावर एक सल्ला सांगितला जातो: लोकांनी 'का जातोस' विचारावं तेव्हा जावं, 'का जात नाहीस' विचारेपर्यंत थांबू नये. ऐकायला फार सुंदर. पण हा नियम मला कधीच पटलेला नाही, कारण त्यात सगळी सोय प्रेक्षकाची आहे. सुनील गावसकर याचं आदर्श उदाहरण मानतात. मार्च १९८७, बंगळूरची भिंगरीसारखी वळणारी खेळपट्टी, पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या कसोटी डावात ९६. वा! पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉर्ड्सला एमसीसीच्या द्विशताब्दी सामन्यात त्यांनी १८८ केल्या आणि दुसऱ्या डावात भोपळा. आणि नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ४. मग गावसकर नेमके गेले कधी? ९६ला, शून्यावर की चारवर? आपल्याला सोयीचा शेवट आपण लक्षात ठेवतो आणि त्याला योग्य वेळ म्हणतो.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याला खेळायचंय त्यानं खेळावं. संघात घ्यायचं की नाही हे निवड समितीनं बघावं. ते कटू काम टाळायचं आणि खेळाडूनं स्वतःच राजीनामा आणून द्यावा म्हणून वाट बघत बसायचं, ही शुद्ध सरकारी रीत झाली. हे मी पार्कात बोललो. उपसचिव म्हणाले, "सरकारी रीतीत वाईट काय आहे?" आणि विषय तिथं बंद झाला.

तो पुन्हा उघडला तो सरांच्या स्कूटरमुळे. सर अजून दुचाकी चालवतात. कर्वे रस्त्यावर, मेट्रोच्या खांबांखालून. त्यांच्या मुलीनं किल्ली फडताळात ठेवून कुलूप लावलं, न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला, सुनेनं व्हिडिओ कॉलवर बाजू मांडली. मुद्दे तेच, जे सरांनी धोनीच्या वेळी मांडले होते: प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात, नजर पूर्वीसारखी राहत नाही, सन्मानानं थांबावं. सरांनी घरच्या समितीपुढे देवधरांचे २४६ ठेवले. मुलगी म्हणाली, "बाबा, देवधर ती इनिंग नळ स्टॉपच्या चौकात खेळले नव्हते."

अखेर तोडगा निघाला. सरांनी पार्कात रीतसर जाहीर केलं, की ते प्रदीर्घ प्रकारातून निवृत्त होत आहेत: सिंहगड रस्ता, स्वारगेट आणि लक्ष्मी रस्ता बंद. मर्यादित षटकांचा खेळ, म्हणजे घर ते भाजीवाला ते पार्क, चालू राहील. बँकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. भाच्यानं त्यांचा फोटो काढला. अभियंतासाहेबांनी गेल्या वर्षीच थांबायला हवं होतं असं मत मांडलं आणि उपसचिवांनी इतकी घाई नको होती असं.

पुढच्याच आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप गटावर सरांचा फोटो आला. मागे तुळशीबागेची पाटी, पुढे हेल्मेट, आणि खाली फक्त दोन शब्द: "आलो परत."

उपसचिवांनी त्यावर विचारलं, प्रत कुणाकुणाला. बँकवाल्यांनी विचारलं, उजवीकडचा इंडिकेटर फुटलेला दिसतोय, तो आधीच फुटलेला होता का?