चित्र गेलं, अन् भिंतीलाच ठाऊक

“काहो गुरुजी, प्यारिसच्या म्युझियमले शिडी लावून चोर घुसले म्हन्ते. पोट्टा मोबाईलवर दाखवून राहिला होता. खरं हाय का?”

वाघापूरला आमच्या दोन घरांच्या मधे तुराट्यांचं कुंपण आहे. त्यावरून बातमी पलीकडे जायला मोबाईलपेक्षा कमी वेळ लागतो. शेजारच्या वयनी सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोले काढत बसल्या होत्या. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे चित्र, फ्रेम, खिळा यातलं काहीही विचारायचं असलं की सगळी कॉलनी माझ्याकडे येते.

म्हटलं, खरं आहे. 19 ऑक्टोबर 2025, रविवारची सकाळ. लूव्हर उघडलेलं, लोक आत फिरताहेत. चोरांनी सामान वर चढवायची शिडीची गाडी बाहेर लावली, खिडकी कापली अन् राजघराण्याचे दागिने घेऊन सात-आठ मिनिटांत पसार.

“दागिने होय! मंग ते समजते. सोनं वितळवलं की झालं. पन चित्र चोरून काय करत असन मानूस? भिंतीले लावलं तं पाव्हना विचारनारच न, कुठून आनलं म्हनून.”

वयनी शाळेत फार शिकल्या नाहीत, पण पोलिसांना पडतो तोच प्रश्न त्यांनी विचारला. याच लूव्हरमधून 1911 साली मोनालिसा गेली होती. चोर कोण, तर विन्सेंझो पेरुजिया नावाचा इटालियन कारागीर. त्यानं त्याच म्युझियममध्ये चित्रांना काचा बसवायचं काम केलेलं. 21 ऑगस्ट, सोमवार, साफसफाईची सुट्टी. कामगारांचा पांढरा झगा घातला, चित्र खुंटीवरून काढलं, फ्रेम जिन्यात टाकली अन् निघाला.

“अन् कोनी पाह्यलं नाही?”

“पाहिलं न. मंगळवारी. एक चित्रकार तिथं बसून काम करायला आला, त्याला भिंत रिकामी दिसली. पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणे फोटो काढायला नेलं असेल.”

वयनींनी सूप खाली ठेवलं. “बाप्पा! आमच्या अंगनातली बादली गेली तं मले घंटाभरात समजते.”

पुढची गंमत ऐकून तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मोनालिसा गेल्यावर ती रिकामी भिंत पाहायला लोकांनी रांगा लावल्या. पोलिसांनी पिकासोलासुद्धा चौकशीला बोलावलं. चित्र मात्र पॅरिसमध्येच, पेरुजियाच्या खोलीतल्या पेटीत. दोन वर्षांवर तो गप्प बसला अन् 1913 च्या डिसेंबरात फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याकडे विकायला गेला, तिथं सापडला. म्हणजे वयनींच्या पाव्हण्यानंच पकडला म्हणायचा.

“हे झालं तिकडचं. आपल्याइकडं कोन चोरते चित्र?”

आता आली का पंचाईत! आपल्याइकडे चोरी होते, पण शिडी लागत नाही. सय्यद हैदर रझा हे नाव मी वर्गात घ्यायचो. जन्म मंडला जिल्ह्यातला, 1922 चा, अन् चित्रकलेचे पहिले धडे आपल्या नागपूरच्या कलाशाळेत. लहानपणी वर्गात लक्ष लागत नव्हतं, तर शिक्षकानं भिंतीवर एक बिंदू काढून दिला, म्हणे याच्याकडे पाहत बस. तोच बिंदू पुढे त्यांच्या चित्रांत आला अन् कोटीकोटीला विकला गेला.

“आन तुमी आमच्या पोट्ट्याले कान धरून बाकावर उभं केलं होतं,” वयनी म्हणाल्या. हा हिशेब त्या विसरत नाहीत.

तर या रझांचं ‘नेचर’ नावाचं चित्र, अडीच कोटींचं, मुंबईत बॅलार्ड पिअरजवळच्या गोदामातून नाहीसं झालं. लिलावासाठी शोधायला गेले तेव्हा जागेवर नाही. 2024 च्या नोव्हेंबरात पोलिसांत तक्रार झाल्याची बातमी आली. खिडकी कापली नाही, बंदूक नाही. कुलूपबंद खोलीत ठेवायचं अन् निवांत राहायचं, ही आपली पद्धत.

एअर इंडियाचं असंच. नरिमन पॉइंटच्या त्या इमारतीत एकेकाळी मोठ्यामोठ्यांची चित्रं होती. साल्वादोर दालीनं कंपनीला राखदाण्या करून दिल्या अन् मोबदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं. कंपनीनं दिलंही! तिथलं जतीन दास यांचं ‘फ्लाइंग अप्सरा’ हे चित्र कुणीतरी विकायला काढलंय, हे 2017 मध्ये खुद्द चित्रकारालाच बाजारातून कळलं. मालकाच्या आधी!

“गुरुजी, चोराले कायले शिव्या देता? घरवाल्यालेच पत्ता नाही.”

मला वयनींचं पटलं, पण अजिंठ्याची गोष्ट त्याहून वाईट आहे. वयनी भजनी मंडळाच्या बसनं जाऊन आल्या होत्या. “बॅटरी मारू देत नाही, काही दिसत नाही, नुसता अंधार,” एवढंच त्यांना आठवत होतं. म्हटलं, सतरा नंबरच्या लेण्यात ओसरीच्या डाव्या हाताला एक मोठं चक्र रंगवलेलं आहे, त्यात माणसं, जनावरं, घरं. त्यातला बराच भाग आज नाही. जेम्स बर्ड नावाचे एक डॉक्टर 1828 मध्ये तिथं गेले. मोठे अभ्यासक, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतले. त्यांनी त्या चक्रातल्या चार आकृत्या भिंतीवरून सोलून काढल्या. हजार-दीड हजार वर्षं टिकलेला गिलावा, तो काय हातात राहतो? भुगा झाला.

“सोलून?” वयनींनी हातातल्या शेंगेकडे पाहिलं.

त्यांच्याही आधी, 1819 मध्ये, जॉन स्मिथ हा फौजी शिकारीच्या नादात तिथं पोचला अन् दहा नंबरच्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव कोरून गेला. तेव्हा खाली राडारोड्याचा ढीग होता, म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. चित्रांच्या मधोमध! मला विचाराल तर पेरुजिया बरा. त्यानं निदान चित्र जपून ठेवलं.

अजिंठ्याच्या भिंतीचा एक तुकडा आज अमेरिकेत बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे. अन् त्याच बोस्टनमध्ये, गार्डनर म्युझियममध्ये, 18 मार्च 1990 च्या रात्री पोलिसांच्या वेशात दोघं आले, पहारेकऱ्यांना तळघरात बांधलं अन् तेरा वस्तू घेऊन गेले. त्यात रेम्ब्रांटचं समुद्रातल्या वादळाचं चित्र, व्हर्मीरचं एक. एक कोटी डॉलरचं बक्षीस लावलंय, तरी अजून काही सापडलं नाही. ज्या बाईनं ते म्युझियम उभारलं तिनं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, मांडणी बदलायची नाही. म्हणून रिकाम्या फ्रेमा तशाच टांगलेल्या आहेत.

“त्याईनं निदान फ्रेम ठेवली,” वयनी म्हणाल्या. “आमच्या माहेरच्या देवळात दशावताराची जुनी चित्रं होती, काचेतली. रंगरंगोटी झाली तवा उतरवली, मंग कोनाच्या घरी गेली कोनास ठाऊक. इचारलं तं म्हन्ते, होती काय तिथं चित्रं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोरीची फिर्याद द्यायची तर आधी वस्तू होती हे दाखवावं लागतं. फोटो नाही, लांबीरुंदी लिहिलेली नाही, तर ठाणेदार तरी काय शोधणार? इंटरपोलकडे चोरीला गेलेल्या कलावस्तूंची पन्नास हजारांवर नोंद आहे, ‘आयडी-आर्ट’ नावाचं त्यांचं ॲप फुकट मिळतं. पण ज्याचा फोटोच नाही, ते त्यात जाणार कसं?

म्हणून वयनींना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. तुमच्या गावच्या देवळात, वाचनालयात, जुन्या शाळेच्या हॉलमध्ये, आजोबांच्या ओसरीवर जे काही टांगलेलं असेल, ते रंगरंगोटीच्या आधी एकदा खाली उतरवा. दिवसाच्या उजेडात समोरून फोटो घ्या, टेपनं मोजा, कमिटीच्या रजिस्टरमध्ये लिहा. अन् मागून फोटो घ्यायला विसरू नका. सही, चिठ्ठी, दुकानाचा शिक्का, वाळवीचं भोक, ओळख पटवणारं बरंचसं मागेच असतं.