रुजवात घेणार

मुळशी तालुक्यात कागद हातात आला की वाचायच्या आधी तो उलटा करून पाहतात. मागे शिक्का आहे का, शाई कागदात मुरलीय का, सही करणाऱ्याचं पेन आणि मजकूर लिहिणाऱ्याचं पेन एकच तर नाही ना. ही सवय जमिनीनं लावली. १९२१ साली सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हापासून आजच्या ‘लेक व्ह्यू’ बंगलो प्लॉटपर्यंत, इथल्या माणसाचं नशीब कुणीतरी कुठंतरी लिहिलेल्या एका ओळीवर ठरत आलंय. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींचाही तालुका मुळशीच. पण तिथं पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवणारी माणसं भरलीत. मी तिथंच नोकरीला असल्यामुळे नावं सांगता येत नाहीत.

माझे मामा पौडच्या अलीकडं राहतात. हयात गेली कचेरीच्या अभिलेख कक्षात. तुम्ही कधी जुन्या फेरफाराची नक्कल काढली असेल, तर तिच्या तळाशी दोन ओळी पाहिल्या असतील : ‘नक्कल तयार करणार’ आणि ‘रुजवात घेणार’. पहिल्यानं मजकूर उतरवून काढायचा, दुसऱ्यानं मूळ दप्तर शेजारी घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहायची. मामा हे दुसरे. “पहिल्याला अक्षर लागतं, दुसऱ्याला संशय,” असं ते सांगतात, आणि संशयाला निवृत्तीचं वय नसतं. घरात लग्नपत्रिका आली की अजूनही ते त्याच घरातल्या थोरल्या भावाच्या वेळची पत्रिका काढून शेजारी ठेवतात. किती नावं वाढली, कुणाचं खाली सरकलं, याचा तोंडी अहवाल मामींना मिळतो.

२०२५च्या ऑक्टोबरात, सरकारचा पाठिंबा काढून घ्यावा तसा कंपनीनं विंडोज दहाचा पाठिंबा काढून घेतला. मामांचा लॅपटॉप दहावी पास होता, अकरावीला त्याला प्रवेश मिळेना. मी म्हटलं, फुकटातलं लिनक्स मिंट टाकून देतो. तीन जीबीच्या आसपासची फाइल, बाहेर परतीचा पाऊस, आणि ताम्हिणीच्या बाजूनं ढग आला की टॉवर आधी मान टाकणार. फाइल एकदाची उतरली. मी माझ्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं, ‘एसएचए२५६सम’ असं टाइप करून पुढं फाइलचं नाव दिलं. (विंडोजवर हेच काम ‘सर्टयुटिल’ करतं आणि मॅकवर ‘शासम’. सगळ्यांच्या हाताशी असतं, आणि सगळेच त्याला शिवत नाहीत.) पडद्यावर चौसष्ट अक्षरांची माळ आली.

“हे काय रं?”

“फाइलचा ताळा.”

हा शब्द मामांना नीट कळला. गुणाकाराचा ताळा ते शाळेत करत आले होते : अंकांची बेरीज घ्यायची, नऊ टाकत जायचे, दोन्हीकडची बाकी जुळली की गणित सुटलं. पण त्यातली चोरीही त्यांना ठाऊक. “चोपन्नच्या जागी पंचेचाळीस लिहिलं तरी ताळा जुळतो. आमच्या मास्तरला असं पुष्कळदा फसवलंय. ह्यात चालतं का?”

मी एका कोऱ्या फाइलीत ‘क्षेत्र ४० आर’ असं लिहिलं आणि ताळा काढला. मग चाळीसचे एकेचाळीस केले. अख्ख्या माळेचा रंगच पालटला, आधीच्याशी ओळखही उरली नाही.

“एका गुंठ्यासाठी एवढा आकांत?”

“हो. तीन जीबीत एक ठिपका हलला तरी असंच.”

“बरोबरे,” मामा म्हणाले. “गुंठा हलला की आमच्या भावकीतपण असंच होतं.”

मग त्यांनी चष्मा पुसून माळ नीट पाहिली. एबीसीडीतली अक्षरं एफपर्यंतच का, जी का नाही, असं विचारलं. मी सांगितलं, दहा अंक आणि सहा अक्षरं, अशी सोळाच चिन्हं असतात. “सोळा!” मामांचा चेहरा उजळला. जुन्या दप्तरात हिस्से आणे-पैत लिहिलेले असत. कुणाचे चार आणे, कुणाचे दोन आणे आठ पै. “सरकारनं सत्तावन्न साली आणे बंद केले आणि तुमच्या काँप्युटरनं गुपचूप चालू ठेवले व्हय?” त्या क्षणापासून त्यांना लिनक्सविषयी आपुलकी वाटू लागली.

आपुलकी टिकली नाही. संकेतस्थळावर दिलेला ताळा आणि आमचा ताळा जुळेना. फाइल वाटेत कुठंतरी भिजली होती.

“कुठं चुकलंय?”

“ते नाही सांगत.”

“किती ओळी गेल्यात?”

“तेही नाही.”

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, की त्यांच्या हाताखाली नवा लागलेला कारकून असता तर रडलाच असता. “नुसतं ‘चूक आहे’ म्हणायला रुजवातीचा माणूस कशाला पाहिजे? ते आमचे साहेबपण म्हणायचे. चूक दिसली की तांबड्या शाईनं गोल करायचा.” त्यांचं खरं होतं. हा ताळा फक्त भांडण आहे एवढंच सांगतो, बांध कुणी कोरला ते सांगत नाही. फाइल पुन्हा रात्रभर उतरवणं एवढाच इलाज.

सकाळी मी संकेतस्थळावरच्या ताळ्यांच्या यादीची फाइल देऊन ‘एसएचए२५६सम’च्या पुढं उणे सी लावला. हा पर्याय स्वतःच दोन्ही ताळे ताडतो आणि शेवटी ‘ओके’ म्हणतो. म्हणालाही.

“ओके कोण म्हटलं?”

“मशीन.”

“सही कुठाय त्याची?”

मग रीतसर रुजवात झाली. म्हणजे मी पडद्यावरची माळ मोठ्यानं वाचायची आणि मामांनी कागदावर उतरवलेल्या माळेवर पेन्सिलीचं टोक ठेवत ‘हं’ म्हणायचं. “सात… ए… शून्य… बी…” “थांब. बी बटाट्याची का डी डाळिंबाची?” मामी चहा ठेवून गेल्या, परत आल्या, आणि कुणाचं मंत्र-तंत्राचं काही चाललंय का असं शेजारणीनं विचारल्याचं सांगून गेल्या. चौसष्टावं अक्षर जुळलं तेव्हा मामांनी कागदाच्या तळाला सही केली, तारीख घातली, आणि मगच खरा प्रश्न काढला.

“ही मूळची माळ तुला दिली कुणी?”

“त्याच संकेतस्थळानं. फाइल जिथनं घेतली तिथनंच.”

“म्हणजे नक्कल करणारा आणि रुजवात घेणारा एकच?” पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, “आमच्याकडं असल्याला मेमो मिळायचा.”

आता हे हिंजवडीत आमच्या बैठकीत कुणी विचारलं असतं तर त्याला बढती दिली असती. २०१६च्या फेब्रुवारीत नेमकं हेच घडलं होतं, आणि तेही याच लिनक्स मिंटचं. एका चोरानं त्यांच्या संकेतस्थळात शिरून डाउनलोडची वाट बल्गेरियातल्या एका सर्व्हरकडं वळवली. तिथं चोरदरवाजा ठेवलेली बनावट फाइल होती. वर संकेतस्थळावर छापलेला ताळाही बदलून आपल्या फाइलीचा टाकला. ताळा तरी कोण बघतंय, असं तो नंतर एका पत्रकाराला म्हणाला म्हणे. हे ऐकून मामा अंगावर धावल्यासारखे खुर्चीतून उठले. “आम्ही बघतो की!”

म्हणूनच शहाणे लोक ताळ्याच्या यादीवर वेगळी डिजिटल सही करतात आणि ती सही दुसऱ्या वाटेनं मिळवलेल्या किल्लीनं तपासतात. मी तेही करून दाखवलं. मामांना त्यात एकनाथमहाराज आठवले. मामा माळकरी. नाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी बजावलं, की यात जो स्वतःची ओवी घुसडेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. “एवढी मोठी रुजवात नंतर झाली नाही बघ. पण नाथांनी नुसता दम दिला. खाली चौसष्ट अक्षरं पण टाकायची होती.”

ताळ्यालाही म्हातारपण येतं, हे मात्र मी सांगायला नको होतं. एमडी-पाच नावाचा ताळा रॉन रिव्हेस्ट यांनी काढला आणि १९९२मध्ये तो प्रसिद्ध झाला. २००४मध्ये चीनच्या वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या मजकुरांचा एकच ताळा काढून दाखवला. पुढं २०१७मध्ये अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एसएचए-एकचं तेच केलं : दोन पीडीएफ, दिसायला निराळ्या, ताळा एक. जगभर खळबळ उडाली.

“कशापायी?” मामा म्हणाले. “दोन माणसं, गट नंबर एक. ह्यात खळबळ काय? आमच्याकडं त्यावर दोन-दोन पिढ्या वकिलांची घरं चाललीत.”

वकिलांवरून मला आठवलं. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३प्रमाणं मोबाइलमधलं किंवा संगणकातलं काही कोर्टात द्यायचं, तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या छापील नमुन्यात फाइलचा हा ताळा लिहायला जागा ठेवलीय. एसएचए-२५६बरोबर एमडी-पाच आणि एसएचए-एक यांचीही नावं तिथं आहेत. निवृत्तांचा मान राखला पाहिजे, असं मामांचं त्यावर मत पडलं. पण कोर्ट हा शब्द कानावर पडल्यावर ते आत गेले आणि मोबाइल घेऊन आले.

त्यांच्या धाकट्या भावानं वाटणीपत्राचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला होता. तोच फोटो त्यानं मामांना पेन ड्राइव्हवरही दिला होता. “दोन्हीचा ताळा काढ.”

काढला. जुळला नाही. मामींनी पदर तोंडाला लावला. मामा शांतपणे म्हणाले, “मला वाटलंच होतं.” आणि पायात चपला सरकवू लागले.

मी दारात आडवा झालो. समजावून सांगितलं, की ग्रुपवर फोटो टाकला की अॅप तो आपसूक दाबून लहान करतं. वाटणी तीच राहते, सह्या त्याच राहतात, फक्त आतले ठिपके बदलतात. ठिपके बदलले की ताळा बदलणारच. मामांनी दोन्ही फोटो मोठे करकरून शेजारी धरले, ओळ न् ओळ ताडली. अर्ध्या तासानं मान हलवली.

“म्हणजे खाडाखोड त्यानं नाही केली.”

“नाही.”

“अॅपनं केली.”

“तसं म्हणा.”

“कागदाला न विचारता?”

“हो.”

मामांनी चपला परत काढल्या, वही उघडली, पेनाचं टोपण दातांनी काढलं.

“त्या अॅपवाल्याचा पत्ता सांग,” ते म्हणाले. “तालुका कुठला पडतो?”