पहिल्याच्या आधीचा

‘द मनी स्टोअर’ हा डेथ ग्रिप्स या बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम, असं या गृहस्थासमोर चुकूनही म्हणू नये. चहा गार होईल. एप्रिल 2012 मध्ये तो अल्बम आला, त्याच्या वर्षभर आधीच मंडळींनी ‘एक्समिलिटरी’ फुकट वाटली होती. ती मिक्सटेप, आणि मिक्सटेप अल्बमांत धरत नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. पण थोरल्याचा जन्मदाखला नाही म्हणून धाकट्याला थोरला म्हणायचं का, असा त्याचा सवाल असतो.

चाहत्यांच्या या जातीची मूळ वस्ती कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो, म्हणजे बँडचंच गाव. मराठी उपजात शेजारच्या फॉल्समला, चिपांच्या कंपनीत सापडते. गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत ती आपल्याला गाठते. “काका, झॅक हिलला ‘हेला’मध्ये ऐकलंय का?” हेला हा ढोलकरी हिलचा त्याआधीचा बँड. आधीच्याही आधी काहीतरी असतंच!

खरं सांगायचं तर अल्बम जबरदस्त आहे. तेरा गाणी, एक्केचाळीस मिनिटं. स्टीफन बर्नेट ऊर्फ एमसी राइड घसा सोलून ओरडतो, हिल ड्रम बडवतो आणि अँडी मोरिन कुठलेकुठले आवाज कापून त्यात बसवतो. ‘सिस्टिम ब्लोअर’मध्ये तर व्हँकुवरची स्कायट्रेन आहे. घरच्यांना वाटतं, मिक्सरमध्ये चमचा राहिला. आणि एवढं करूनही ‘आय्व्ह सीन फुटेज’ आंघोळीला गेल्यावर आपोआप गुणगुणलं जातं.

गृहस्थाचं दुखणं नेमकं तिथेच आहे. गुणगुणता येतं! त्यात रेकॉर्ड काढली ‘एपिक’ने, म्हणजे सोनीच्या घरातल्या कंपनीने. अँथनी फँटानो या यूट्यूबवरच्या समीक्षकाने 10 पैकी 10 दिले, तेव्हा याने घरात सुतक पाळलं. आता कॉलेजातली पोरंही ऐकणार.

ऑक्टोबर 2012 मध्ये सुतक फिटलं. बँडने पुढचा अल्बम कंपनीला न विचारता इंटरनेटवर फुकट सोडून दिला आणि कंपनीने त्यांना हाकललं. (त्या अल्बमच्या मुखपृष्ठाचं वर्णन दिवाळी अंकात छापता येणार नाही.) ऑगस्ट 2013 मध्ये शिकागोच्या कार्यक्रमाला बँड फिरकलाच नाही. नुसती रेकॉर्ड वाजली, चिडलेल्या लोकांनी स्टेजवरचा ड्रमसेट मोडला. हा गृहस्थ त्याला आयुष्यातला सर्वोत्तम कार्यक्रम म्हणतो. तो तिथे होता. निदान म्हणतो तरी. तिथे होतो म्हणणारे एवढे सगळे खरंच आले असते, तर शिकागोला दुसरा हॉल बांधावा लागला असता.

जुलै 2014 मध्ये एका पेपर नॅपकिनवर चार ओळी लिहून बँडने आपण संपल्याचं जाहीर केलं. “ते 2012 लाच संपले होते,” गृहस्थ म्हणाला. पुढच्याच वर्षी मंडळी दौऱ्यावर निघाली. “संपणारे थोडेच आहेत ते,” हेही तोच म्हणाला, आणि तिकीट काढून पहिल्या रांगेत उभा राहिला.

अल्बम जरूर ऐका, मोठ्या आवाजात ऐका. फक्त याला घरी बोलावून ऐकू नका. एक्केचाळीस मिनिटांना तीन तास लागतात, आणि पहिलं गाणं तरीही लागत नाही.