कोंबड्यांना मोरबीची टाइल

सुरतेत लिंबायतच्या एका आप्पांनी गच्चीवरच्या खुराड्यात मोरबीची गुळगुळीत टाइल बसवली. पोछा मारला की आरसा! खाली घरात अजून कोबाच आहे, पण ते असो. पिल्लांचे पाय घसरून फाकायला लागले, तेव्हा टाइलवर भाताचं तूस पसरलं. म्हणजे आरसा गेला तुसाखाली.

खरखरीत कोबा, पाणी निघून जाईल इतका उतार, वर दोन-तीन इंच कोरडं तूस, कोंबडीची मागणी एवढीच. ओलं झालं की उपसायचं. स्वच्छता रोग टाळायला हवी, मिरवायला नाही. आप्पा मूळचे नवापूरचे. फेब्रुवारी २००६मध्ये तिथं बर्ड फ्लूपायी लाखो कोंबड्या मारून पुरल्या, हे त्यांना ठाऊक आहे. तूर्त मात्र ते ग्रॅनाइटचा भाव काढताहेत. कोंबड्यांचं मत कुणी विचारलेलं नाही.