न पटलेलं गिऱ्हाईक

नागपूरच्या प्रतापनगरात विमाकाकांना नाही म्हणालेली माणसं पुष्कळ आहेत, पण शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिलेलं एकही नाही. लग्नात डोक्यावरच्या अक्षता झटकायच्या आत ते नवरदेवाची जन्मतारीख विचारणार. दहाव्याला घाटावर गेले, तर पिंडाला कावळा शिवायच्या आधी दोन्ही मुलांच्या सह्या यांच्या रेक्झिनच्या पिशवीत. ते नेमकं काय बोलतात, हे नंतर कोणाला आठवत नाही. चहा प्यायलो आणि हप्ता सुरू झाला, एवढंच लोक सांगतात.

साठी उलटली, गुडघे बोलायला लागले आणि काकांची फिरती थांबली. जीभ थांबली नाही. दूधवाला झाला, सिलिंडरवाला झाला, मीटर बघायला येणारा पोरगाही झाला. आता काका कोणाला पटवणार, अशी काळजी काकूंना लागली असतानाच मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना आपला कॉकाटील आईबापांच्या गळ्यात घालून गेला. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा, गालांवर दोन शेंदरी टिकल्या. वजन नव्वद ग्रॅम. काकांनी त्याचं नाव ठेवलं बोनस.

पोपट या घराण्याला नवा नाही. महालातल्या जुन्या वाड्यात काकांच्या वडिलांचा हिरवा मिठू होता. भिजवलेली चण्याची डाळ, मिरची, जामाची फोड, पुढ्यात येईल ते खायचा आणि वर रामराम म्हणायचा. पण आपल्याकडचे हिरवे पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. असा पोपट कोणाकडे सापडला तर तो सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला जातो. कोणी हे काढलं की काका आवाज खाली आणतात. "आमचा मिठू बाहत्तरच्या आधीचा होय. पॉलिसी जुनी." बोनस पडला ऑस्ट्रेलियाचा, त्यामुळे त्याला ही मनाई लागू नाही.

कायद्याची अडचण नव्हती, अडचण पोटाची होती. बोनस फक्त बिया खायचा. कांगणी नाइलाजानं, सूर्यफूल जीव लावून. तुरा पडलेला आणि पोट सुटलेलं बघून काकांनी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. सोललेल्या सूर्यफुलाच्या बीत निम्म्याच्या आसपास तेलच असतं, ते यकृतात चरबी होऊन बसतं. बियांत 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नाही, ते कमी पडलं की नाकाघशाचं आतलं अस्तर बिघडतं आणि श्वासाची दुखणी मागे लागतात. गाजर, लाल कोहळं, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुनग्याचा पाला सुरू करा. नीट खाल्लं तर पंधरा-वीस वर्षं सहज काढेल. काकांनी यातलं शेवटचंच वाक्य ऐकलं. वीस वर्षांची टर्म! घरी येईपर्यंत त्यांच्या अंगात जुना एजंट संचारला होता.

कॉटन मार्केटातून पिशवी भरून आली. गाजर किसून झालं, कोहळं वाफवून झालं, पालकाची जुडी ओली करून पिंजऱ्यात टांगून झाली. बोनसनं पालकाकडे पाठ केली. कोहळ्यातली बी तेवढी काढून घेतली. गाजराचा कीस त्यानं मान झटकून उडवला, तो भिंतीवरच्या कालनिर्णयावर जाऊन चिकटला. एकादशीच्या दिवसावर तो अजूनही आहे. काका खुर्ची ओढून पिंजऱ्यासमोर बसले. "हे पाय बोनस, मी तुह्या फायद्याचं सांगून राहिलो. आज तुले वाटते, मले काय होते? सगळ्याइले असंच वाटते. मंग काय होते?" बोनसनं तुरा सपाट केला आणि फिस्स केलं. काकांच्या अख्ख्या धंद्यात त्यांच्यावर कोणी फिसकारलं नव्हतं. निदान तोंडावर नाही.

संत्र्याचं त्यांना फार लागलं. आंबिया बहाराचा माल कळमन्यात उतरला होता. ज्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची फोड काकांनी सालटी काढून, बी काढून, तळहातावर धरली. बोनस दोन पावलं मागे सरकला, तुरा ताठ. मग पुढे येऊन त्यानं ती चोचीत धरली, पाण्याच्या वाटीपर्यंत नेली आणि आत टाकली. "नागपुरात राहून संत्रा खात नाही," काका जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, पोरानं जातीबाहेर लग्न केल्यावरही त्यांचा आवाज एवढा पडला नव्हता.

मिरचीनं थोडी लाज राखली. हिरवी मिरची दिली तर बोनस ती उभी चिरून आतल्या बिया निवांत फोडत बसे. यात त्याचा पराक्रम काही नाही. तिखटाची आग ज्या तंतूंना लागते, ते पक्ष्यांच्या तोंडात त्याला दादच देत नाहीत. मिरचीला आपल्या बिया पाखरांकरवी लांब पसरवून घ्यायच्या असतात, म्हणून तिखट आपल्यासारख्या चावून चोथा करणाऱ्या सस्तन प्राण्यांसाठी राखून ठेवलेलं. काकांना हे मी समजावून सांगितलं. त्यांनी निष्कर्ष काढला की पाखरू सावजीचं आहे. मग त्यांनी गाजराच्या किसावर भिवापुरी मिरचीचा चुरा पेरला आणि गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून पहिला घास स्वतः घेतला. बोनसनं मिरचीच्या बिया वेचल्या, गाजर ठेवलं आणि समोर डोळे पुसत ठसकणाऱ्या माणसाकडे मान तिरकी करून पाहत राहिला.

मग मुलानं बंगळुरूहून व्हिडिओ पाठवला. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या बाईंनी ॲलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे पोपट १९७७पासून २००७मध्ये तो मरेपर्यंत शिकवला. रंग, आकार, वस्तूंची नावं त्याला सांगता येत. सफरचंदाला तो त्यांनी शिकवलेला शब्द वापरायचाच नाही, स्वतःचा 'बॅनेरी' म्हणायचा. "तिकडचा पोपट फळाले नाव ठेवते," काका उसासले, "आमचा नावं ठेवते." पण त्या बाईंची रीत त्यांनी उचलली. पोपटाला थेट शिकवायचंच नाही. दोन माणसांनी त्याच्यासमोर एका वस्तूसाठी चढाओढ करायची, बघता बघता तिसऱ्याला ती हवीशी वाटते.

म्हणून रोज सकाळी साडेसातला हॉलमध्ये प्रयोग लागे. काकू पदराला हात पुसत स्टुलावर.

"काय आहे हे?" काका गाजर उंच धरून.

"गाजर."

"शाब्बास! घे."

"मले नको. कुकर लागला आहे."

"नको काहून म्हणतेस? त्याच्या समोर नको म्हणाचं नाही! हिसकून घे!"

"अहो, तुम्ही घट्ट धरून राहिले."

"मंग ओढ न!"

खालच्या मजल्यावर लोकांना वाटलं, चाळीस वर्षांचा संसार गाजरापायी मोडतो आहे. काकू मला म्हणाल्या, "यायनं मले आजवर कशाले शाब्बास म्हटलं नाही. गाजरासाठी म्हटलं." बोनस हे सगळं एका पायावर उभा राहून बघे आणि प्रयोग संपला की झोपे.

आता उपाशी ठेवून बघू, असं काकांच्या डोक्यात आलं होतं. गिऱ्हाईक अडचणीत असताना सही लवकर करतं, हा त्यांचा अनुभव. डॉक्टरांनी फोनवर झापलं. एवढासा जीव, एखादा दिवस उपास घडला तरी जिवावर बेतू शकतं. बिया हळूहळू कमी करायच्या, आणि रोज सकाळी वजन. तेव्हापासून स्वयंपाकघरातला काटा बोनसचा झाला आणि लाल पाठीच्या हप्त्यांच्या डायरीत ग्रॅम चढू लागले. दुसरी एक गोष्ट काका त्याच फोनवर शिकले. वाटी भरलेली दिसते, पण वर नुसती फोलं असतात, दाणा एक नसतो, आणि पाखरू भरल्या वाटीपुढे उपाशी राहतं. ते दर दोन तासांनी चष्मा काढून वाटीत फुंकर मारत. चष्मा का काढायचा ते त्यांना कळलं नव्हतं. फोलं सरळ डोळ्यांत जात.

आणि मग एका दुपारी काकू वऱ्हांड्यात 'लोकमत'चं पान पसरून सांबार निवडत बसल्या. बोनस बाहेर मोकळा होता. तुरुतुरु चालत आला आणि काडी धरली. काकूंनी ती काढून घेतली. "हड! भाजीत टाकाचा आहे तो." त्यानं दुसरी धरली. त्यांनी तीही घेतली. तिसरी मात्र तो घेऊन पळाला, सोफ्याखाली शिरला, पायात काडी धरून देठाचा हिरवा दोरा सोलून सोलून खाल्ला, आणि पानं टाकून पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी पानंही. आठवडा सरता सरता काकूंच्या ताटातलं कोहळंसुद्धा, मात्र ताटातलंच, आणि काकूंच्याच. त्याच कोहळ्याची फोड काकांनी दिली तर फिस्स.

ते जे रोज साडेसातला हॉलमध्ये चाललं होतं, तेच काकूंनी मनापासून केलं, कारण त्यांना सांबार खरंच हवा होता. हे मी काकांना सांगायला गेलो. त्यांनी मला चहा दिला. चहा संपेपर्यंत माझी खात्री झाली की सगळी योजना मुळात त्यांचीच होती आणि काकू फक्त सब-एजंट.

कॉलनीत बातमी पसरली. परवा वरच्या मजल्यावरची सूनबाई आपल्या पाच वर्षांच्या पोराला घेऊन आली. पोरगं भाजीला शिवत नाही, मॅगीवर जगतं. काकांनी लाल डायरी उघडली, चष्मा चढवला.

"वजन किती याचं?"

तिनं सांगितलं. काकांनी लिहिलं.

"जबरदस्ती कराची नाही, बरं. त्याच्या समोर बसून आपण खाचं. कळप खाऊन राहिला का पिल्लू आपोआप खाते. हे शास्त्र आहे."

"मंग या दोघंही," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "लवकीची भाजी आहे. ताटं वाढून राहिली मी. तुम्हाले जास्त घालतो, त्याले दिसली पाहिजे."

लग्न झाल्यापासून या माणसानं लवकीची फोड ताटाच्या कडेला सारण्यापलीकडे तिच्याशी संबंध ठेवलेला नाही. काकांनी डायरी मिटली. पोराकडे पाहिलं. पोरगं त्यांच्याकडे पाहत होतं. पिंजऱ्यावरून बोनसही.

"मले जरा बँकेत जाचं आहे," काका म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

रविवार होता.